कोंबड्यांच्या पाण्याचा डबा

माझ्यासमोर कुणी ‘आपोआप चालतं’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. परवा नातू मला त्याच्या मित्राची पोल्ट्री दाखवायला घेऊन गेला. लांबच लांब शेड, मध्ये लाल-पिवळी प्लॅस्टिकची भांडी टांगलेली, आणि कोंबडी पिईल तेवढंच पाणी वरून खाली येणार. "आजी, सगळं आपोआप! माणूस लागतच नाही," नातू म्हणाला. मी म्हटलं, "असं कसं लागत नाही? नीट बघ, कुठंतरी असेलच." तो हसला. म्हातारी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. मी काही चेष्टा करत नव्हते, पण त्या कोंबड्यांच्या कलकलाटात समजावून कोण सांगणार? म्हणून आता सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचो. भोकरदनहून जालन्याला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. मी मॅट्रिक पास होऊन त्या घरात सून म्हणून आले होते. घरात माणसं तीनच. सासू, म्हणजे माझ्या आत्याबाई, सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, आणि मी. नवरा रेल्वेच्या गँगवर, मनमाडकडं. महिन्यातून एकदा यायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण या गोष्टीत त्याचा काही उपयोगही नाही.

लग्न ठरवताना मामांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, की पोरीला पुढं शिकवू. त्याप्रमाणे मला जालन्याला डी.एड.ला घातलं. सकाळी सहाच्या एस.टी.नं मी जालन्याला जायची. त्याच्याच आगेमागे उलट बाजूची गाडी धरून मामा भोकरदनला जायचे, तिथं ते तेलाच्या दुकानात कामाला होते. तीस वर्षं एकाच दुकानात डबे फोडले त्यांनी. आत्याबाई रोजगार हमीच्या कामावर. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम चालू होतं. घरापासून चांगला अर्धा कोस. म्हणजे सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत आमच्या घराला कुलूप.

आणि कुलपाच्या मागं, परसात, बारा पांढऱ्या कोंबड्या.

त्या कोंबड्या आत्याबाईंना पंचायत समितीच्या योजनेत मिळाल्या होत्या. अर्ज त्यांनी स्वतः केला होता. म्हणजे लिहिला मी, अंगठा त्यांचा. गावठी कोंबड्या त्यांनी जन्मभर पाळल्या होत्या, पण गावठी कोंबडीचं काय, ती मोरीचं पाणी पिते, उकिरडा उकरते, आणि संध्याकाळी आपली आपण घरी येते. या पांढऱ्या कोंबड्या म्हणजे निव्वळ साहेबीण. यांना स्वच्छ पाणी पाहिजे, दाणा वेळेवर पाहिजे, ऊन सोसत नाही. तास-दोन तास पाणी मिळालं नाही की पंख सैल सोडायच्या आणि चोच उघडून बघत राहायच्या. पण अंडं द्यायच्या रोज. आत्याबाई त्यांना ‘माज्या बाया’ म्हणायच्या. मला कधी एवढ्या प्रेमानं हाक मारल्याचं आठवत नाही.

पाणी आम्ही सकाळी परातीत भरून ठेवायचो. पण कोंबडीला परातीत पाय दिल्याशिवाय पाणी गोड लागतच नसावं. नऊ वाजेपर्यंत परातीत चिखल, विष्ठा, पिसं. नाहीतर कुणीतरी कडेवर बसून परात पालथी करायची. माघात एक दिवस तसंच झालं. परात पालथी पडली, वरून ऊन लागलं, आणि संध्याकाळी मी पहिली घरी आले तर एक कोंबडी भिंतीशी लवंडलेली. आत्याबाई आल्या. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली, तिची मान सरळ केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घरात सून असून बाई माजी तहानेनं मेली."

मी म्हटलं, "आत्याबाई, मी काय मुद्दाम केलं?"

"म्या कुठं म्हनले मुद्दाम? पन दुपारी घरी कुनी पायजे का न्हाई? बिलकुल कुलूपच."

मामा आले तेव्हा हा विषय जेवणाच्या ताटावर आला. आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हे बगा, आता ऐकून घ्या. अजून ऊन तापायचंय. आता एक जरी कोंबडी तहानेनं मेली, तर पोरीनं पुस्तकं बांधून ठिवायची आन घरी बसायचं. मंग पुढल्या साली बघू. माजा शबूद हाय."

मामा घास हातात धरून बसले. त्यांना काही बोलायचं होतं, पण त्या घरात आत्याबाईंचा शब्द निघाला की निघाला. मी तर चुलीमागं तोंड फिरवून रडायच्या बेतात. पुढल्या साली म्हणजे काय ते मला बरोबर माहीत होतं. पुढल्या साली पोटात पोर असतं, त्याच्या पुढल्या साली मांडीवर. माझ्या दोन मैत्रिणींची पुस्तकं अशीच ‘पुढल्या साली’ माळ्यावर गेली होती, ती उंदरांनी खाल्ली.

मला राग आला की माझे हात चालतात. लहानपणापासून तसंच आहे. त्या रात्री भांडी घासताना मी तांब्या असा आदळला, की तो परातीतल्या पाण्यात पालथा पडला. पाण्यानं भरलेला तांब्या, परातीत उपडा. आणि त्यातलं पाणी खाली येईना. मी तांब्या जरा वर उचलला, काठ पाण्याच्या बाहेर आला, तर भळकन थोडं आलं, आणि खालून एक बुडबुडा आत गेला. परत टेकवला, परत बंद. आमच्या विज्ञानाच्या सरांनी त्याच महिन्यात भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करून दाखवला होता. हवा खालून रेटते म्हणून पाणी पडत नाही, हे मी वहीत सुबक अक्षरात लिहूनही घेतलं होतं. पण लिहिलेलं ते समजलं मला मोरीवर, राखेच्या हातानं.

मी तशीच मामांपाशी गेले. "मामा, मला एक डबा पाहिजे. वनस्पती तुपाचा गोल डबा असतो ना, तसला. आणि त्याच्या तोंडापाशी, काठापासून बोटभर खाली, एकच भोक पाडून आणा."

"कशाला गं?"

मी सांगितलं. डबा पाण्यानं भरायचा, वर थाळी झाकायची, आणि दोन्ही मिळून एकदम उलटं करायचं. भोकातून पाणी थाळीत येईल, भोक बुडेपर्यंत. भोक बुडालं की हवा आत जायची बंद, पाणी यायचं बंद. कोंबड्या पितील, भोक उघडं पडेल, एक बुडबुडा आत जाईल, तेवढंच पाणी बाहेर. थाळीत जागाच कमी, म्हणून पाय द्यायला नको आणि पालथी व्हायला नको.

मामांना ते कितपत कळलं देव जाणे, पण त्यांचा चेहरा उजळला. "वा! आनतो. उद्याच आनतो," म्हणाले. आत्याबाई अंधारातून म्हणाल्या, "तुमी दोगं मिळून माज्या कोंबड्यांला शाळा शिकवा."

दुसऱ्या दिवशी मामा डबा घेऊन आले. डबा मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. रिकाम्या डब्याला दहा गिऱ्हाईकं असायची, कुणाला पीठ ठेवायला, कुणाला रोपं लावायला. मामांनी मालकाकडून मागून घेतलेला, आतून राखेनं घासून लखलखीत केलेला. दुकानाच्या पायरीवर बसून, खिळा-हातोडीनं त्यांनी स्वतः भोक पाडलं होतं. मी डबा हातात घेऊन फिरवला. काठाशी एक भोक, बरोबर बोटभर खाली. आणि बुडावर दुसरं.

"मामा, हे काय?"

"ते हवेचं."

"कसल्या हवेचं?"

"अगं, एका भोकानं कधी धार येती का? गचके खात येतंय, अंगावर सांडतंय. समोर दुसरं भोक पाडावंच लागतं, मंग कशी सरळ धार लागती. तीस वर्सं डबे फोडून राह्यलो मी, मला काय ठावं न्हाई का?"

बरोबरच होतं त्यांचं. तेलाचा डबा असाच फोडतात. त्यांच्या हातानं एक भोक पाडलं आणि दुसरं आपसूक पाडलं, जसं आपण एक चप्पल घालतो आणि दुसरी घालतोच. माझं सगळं यंत्रच हवा कोंडण्यावर उभं होतं, आणि त्यांनी हवेला दार करून दिलं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं की मी एकच सांगितलं होतं ना! पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी ते गिळलं. सासऱ्यासमोर एवढा राग गिळल्याचं ते पहिलंच.

"बघू या," मी म्हटलं. डबा भरला, थाळी झाकली, उलटा केला. पाणी भोकातून जे सुटलं ते थांबेचना. थाळी भरली, वाहिली, परसात ओघळ गेला, आणि अकरा पांढऱ्या कोंबड्या त्या ओघळात पाय टाकून पिऊ लागल्या. आत्याबाई उंबऱ्यावर बसून हसायला लागल्या. अशा हसल्या, की पदर तोंडात कोंबूनही आवाज बाहेर. "अवो, तुमी तं पूर्णा नदी आनली परसात! आता होडी करा!"

मामा डब्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजे एकच पायजे व्हतं व्हय?" इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. आत्याबाईंचं हसूही तिथंच थांबलं.

पुढचे तीन दिवस मामांनी त्या बुडाच्या भोकावर घातले. आधी साबण चोळून बसवला, तो विरघळला. मग मेण लावलं, ते निघालं. शेवटी जालना रस्त्यावर डांबर पडत होतं तिथून पानावर गोळा आणला, चुलीवर ऊन केला, खादीच्या चिंधीवर पसरून भोकावर थापला आणि रात्रभर वर पाटा ठेवला. रविवारी आम्ही डबा उलटा केला. पाणी थाळीत आलं, भोक बुडालं, थांबलं. आम्ही तिघं वाकून बघतोय. एक कोंबडी आली, तिनं मान वाकडी करून आधी आमच्याकडं बघितलं, मग चोच बुडवली. थोड्या वेळानं डब्यात बुडबुड असा आवाज झाला. मी टाळ्याच वाजवल्या. मामांनी टोपी काढून परत घातली. दिवसभर डबा चालला. आभाळ आलं होतं, गार वारा होता, फाल्गुनाचे दिवस. ते महत्त्वाचं आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "चाललं तर चाललं. माजा शबूद मातर तसाच हाय."

मग चैत्र आला. ऊन असं की दुपारी गावात कुत्रं दिसत नसे. मी सकाळी अंधारात विहिरीवरून पाणी आणायची, रांजण भरायची, डबा भरून उलटा करायची आणि गाडी धरायची. संध्याकाळी घरी आले की पुस्तकं खाली ठेवण्याआधी परसात. डबा हलवून बघायचा. अर्धा भरलेला असायचा, कधी त्याहून जास्त. थाळीतलं पाणी स्वच्छ. कोंबड्या टवटवीत. अकराच्या अकरा. मी तिथूनच ओरडायची, "आत्याबाई, आहे हो पाणी! आपोआप!" त्या चुलीपाशी बसलेल्या असायच्या. "असंल की," म्हणायच्या, आणि जाळ पुढं सारायच्या.

एवढंच नाही. रांजणातलं पाणी मला कमी वाटायला लागलं. मी सकाळी काठोकाठ भरलेला, संध्याकाळी दोन घागरी तरी उतरलेला. घरात दिवसभर माणूस नाही. मला एकदा राहवलं नाही. मी फटकन बोलले, "आत्याबाई, पाणी मी डोक्यावर आणते. तुम्ही कामावरून येऊन हातपायच धुत बसता का काय?"

त्या म्हणाल्या, "उन्हातून येती बाई. लागतं."

दुसऱ्या एका संध्याकाळी भाकरी वाढताना त्यांचा उजवा अंगठा काळाकुट्ट दिसला. मी विचारलं तर म्हणाल्या, "तव्याची काजळी." मी मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांच्या वहाणेचा पट्टा दुसऱ्यांदा तुटला. मातीकाम, तुटणारच, असं मी धरलं. हुशार म्हणून माझी ख्याती होती त्या गावात. मॅट्रिक पास सून!

शेवटचा सराव पाठ मी विज्ञानाचाच घेतला. जालन्यातल्या प्राथमिक शाळेत, सहावीच्या वर्गावर. विषय हवेचा दाब. लहान डबा आणि थाळी घेऊन गेले, एकच भोक पाडलेला. मुलांसमोर उलटा केला, मुलं डोळे फाडून बघायला लागली. मी ऐटीत सांगितलं, "आमच्या घरी याच्यावर अकरा कोंबड्या पाणी पितात. दिवसभर घरी कुणी नसतं. माणूस लागतच नाही." मागच्या बाकावर आमचे विज्ञानाचे सर बसले होते. त्यांनी माझ्या टाचणवहीत शेरा लिहिला. मी वहीतला तो शेरा रस्त्यानं चालता चालता तीनदा वाचला. पुढचे तास नव्हते, म्हणून अकराची गाडी मिळाली. गाडीत बसायला जागाही मिळाली. सगळंच कसं जुळून आलेलं.

गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा डोक्यावर ऊन होतं. घरापाशी आले तर दाराला कुलूप नाही. चोर म्हणावं तर चोराला आमच्या घरात काय मिळणार? मी दबकत मागच्या दारापाशी गेले.

परसात आत्याबाई होत्या. डबा त्यांच्या पुढ्यात उपडाच, रिकामा. थाळी कोरडी. माती मात्र ओली, चांगला हातभर ओघळ. कोंबड्या चोच उघडून त्यांच्या भोवती उभ्या. त्यांनी डब्याच्या बुडावर तांब्यानं गार पाणी ओतलं, डांबर घट्ट होऊ दिलं, आणि मग चिंधी परत भोकावर ओढून अंगठ्यानं दाबायला लागल्या. जोर लावून, दात खाऊन. मग रांजणातून घागर आणली, डबा सरळ करून भरला, थाळी झाकली आणि छातीशी धरून एका झटक्यात उलटा केला. माझ्यासारखा चुकतमाकत नाही. शंभर वेळा केल्यासारखा. वरून गोणपाट भिजवून टाकलं. संध्याकाळी मी यायच्या आत ते काढून ठेवत असणार. मग खाली बसल्या, पदरातून भाकरी काढली आणि उभ्या उन्हात खायला लागल्या. वहाणा पायात नव्हत्या. एका हातानं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "प्या, माज्या बाया. जल्दी जल्दी प्या. मला जायाचंय."

मी "आत्याबाई" म्हटलं तेव्हा त्या अशा दचकल्या, जणू चोरी पकडली.

"तू? आज कशी काय आली?"

"हे किती दिवस चाललंय?"

"काय चाललंय?"

"आत्याबाई!"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "ऊन लागलं की त्ये डांबर मऊ पडतंय. आत वढलं जातंय. मंग समदं पानी एकदम. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी म्या आल्ते बघायला, तर या समद्या अशा पडलेल्या. तवापासून येती. दुपारच्या सुट्टीत."

पाडव्यापासून. म्हणजे वीस-बावीस दिवस. अर्धा कोस जायला, अर्धा कोस यायला, त्या उन्हात, जेवणाच्या तासात. आणि मी त्यांना हातपाय धुण्यावरून बोलले होते.

मला रडू यायला पाहिजे होतं, पण आधी आला तो राग. मी ओरडले, "सांगायचं ना मला! भोकरदनला नेऊन कथलाची डाक मारून भोक बुजवून आणला असता. एका दिवसाचं काम! एवढं उन्हातून मरायचं काय कारण होतं?"

"वरडू नको, कोंबड्या बिचकतात," त्या म्हणाल्या. "कुनाला सांगू? तुझ्या मामांला? तीन दिवस घातले त्यांनी त्या डांबरात. त्या दिवशी म्या हासले, तं माणूस कसं झाल्तं, पाह्यलं का न्हाई तू? आन तुला सांगितलं असतं तर तू कालिज सोडून दुपारी घरी बसली असती. तुझा सोभाव मला ठावं न्हाई व्हय?"

"पण तुम्हीच म्हणाला होता ना, एक कोंबडी मेली तर पुस्तकं बांध! मग तुम्हाला काय, द्यायची होती मरू!"

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की सगळ्या डी.एड.मध्ये माझ्याएवढं मठ्ठ कुणी नसेल.

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "शबूद माजा गेल्ता. मंग एक बी मरू कशी द्यायची?"

मी खाली बसले. ओल्या मातीतच, पाठासाठी नेसलेल्या साडीवर. डब्यात बुडबुड झालं. त्यांनी उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली, पाणी पिऊन घेतलं, आणि तोंड पुसताना त्यांचं लक्ष माझ्या वहीकडं गेलं.

"आज तुझी परीक्षा व्हती ना? साहेबानं काय लिव्हलंय?"

मला वाचवेना. पण त्या उभ्या होत्या, आणि त्यांची सुट्टी संपत आली होती. मी वही उघडून वाचलं, "साधन स्वतः तयार केले आहे. घरी कोणाच्याही मदतीशिवाय चालते. उत्तम."

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. अक्षर एक येत नव्हतं त्यांना, पण ओळीवरून नजर फिरवली, शेवटपर्यंत. वही उलटी धरलेली होती. मी सरळ करून दिली नाही.

"बराबर लिव्हलंय," त्या म्हणाल्या. वही परत दिली, तुटक्या वहाणा हातात घेऊन गल्लीच्या सावलीसावलीनं निघाल्या. कोपऱ्यावरून वळून ओरडल्या, "तुझ्या मामांला बोलू नको काही!"

मामांना मी कधी सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी जालन्याला एका पत्रेवाल्याकडून डब्याला डाक मारून आणला, आणि घरी सांगितलं की डांबराचा वास पाण्याला येतो. मामा म्हणाले, "व्हय, वास तर येतच व्हता." त्यानंतर तो डबा सहा वर्षं चालला, खरोखरचा. मी पास झाले. शाळेत लागले. तीस वर्षं हवेचा दाब शिकवला.

आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. टाचणवही अजून माझ्या पेटीत आहे. सरांची शाई फिकट झालीय, ‘कोणाच्याही मदतीशिवाय’ ही अक्षरं तर लागतही नाहीत आता. पण त्या ओळीवर, जिथं त्यांनी वही धरली होती तिथं, डांबराचा अंगठा उठलाय. तो अजून काळाच आहे.